"लागली" की "डॅश दिली"? कोर्टात साक्ष देण्याआधी एक शंका

अंत्रुजमाय (फोंडा), शुक्रवार, रात्री ९:४०

पुढच्या बुधवारी मला एका प्रतिज्ञापत्रावर सही करायचीय आणि तीन दिवस एका शब्दापाशी माझं घोडं अडलंय. इथे वकील आहेत, मानसशास्त्रवाले आहेत, म्हणून धागा काढतेय.

दोन वर्षांपूर्वी, पावसाच्या तोंडावर, मी ढवळीला भाजीच्या गाड्यापाशी उभी होते. एक खाजगी मिनीबस वळत होती, डावीकडून स्कूटरवाला आला. बस स्कूटरला लागली, तो पडला, पाय दोन ठिकाणी मोडला. गवंडीकाम करणारा तरुण मुलगा. हवालदाराने कोंकणीत विचारलं, मी कोंकणीत सांगितलं, "बस स्कूटरीक लागली आनी तो पडलो." त्याने इंग्रजीत लिहून घेतलं. त्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत म्हणे, त्यामुळे काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

आता भरपाईचा दावा उभा राहिलाय. मुलाच्या वकिलांनी माझं प्रतिज्ञापत्र तयार करून व्हॉट्सअॅपवर पाठवलं. त्यात माझ्या तोंडी आहे की बस "अॅट अ व्हेरी हाय स्पीड" आली आणि स्कूटरला "व्हायलंटली डॅश्ड". मी हे कधी म्हटलं? वाहिन्येला सांगताना "उडवलं" म्हटलं असेन, बोलण्याच्या ओघात. पण खरी भीती वेगळीच आहे. काल रात्री डोळे मिटून तो प्रसंग आठवला तर बस वेगात येताना दिसली. आधी दिसायची का? नक्की सांगता येत नाही. आठवतंय ते दृश्य, की वाचलेला शब्द?

मुलाला पैसे मिळायला हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

काळा_कोट (म्हापसा), शुक्रवार, रात्री १०:१५

माय, शांत झोपा. "डॅश्ड" हा आमच्या धंद्यातला शिक्का आहे. अपघाताच्या दाव्यात बस कधी आपटत नाही, लागत नाही, घासत नाही. ती कायम डॅशच देते. विलायतेत या शब्दाला कोणी असं राबवत नसेल, पण इथे गेली कित्येक दशकं कॉपी-पेस्ट चालू आहे. "रॅश अँड नेग्लिजंट"चंही तेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दावा टाकला की चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, म्हणून ते शब्द यावेच लागतात.

दुसरं म्हणजे, हा काही खुनाचा खटला नव्हे. संशयापलीकडे वगैरे मोजमाप इथे नसतं, कुठली बाजू जास्त संभवनीय एवढंच पाहतात. विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत विचारील, "बस हळू होती, स्कूटरवालाच आत घुसला, बरोबर?" तुम्ही म्हणायचं, "खोटं." संपलं.

आल्तिनोची_पायरी (पणजी), शनिवार, सकाळी ७:५०

काळा_कोटबाब, संपलं कुठे? सुरू झालं. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते आणि हा पाठ दर वर्षी घेते, म्हणून थोडं लांबेल.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली ४५ विद्यार्थ्यांना गाड्यांच्या टकरींच्या सात फिल्मी दाखवल्या आणि विचारलं, गाड्या एकमेकींना अमुक झाल्या तेव्हा वेग किती होता? त्या "अमुक"च्या जागी पाच गटांना पाच क्रियापदं दिली होती. बाकी प्रश्न तोच. "स्मॅश्ड" ऐकलेल्यांनी सरासरी ताशी ४०.८ मैल सांगितले, "हिट" ऐकलेल्यांनी ३४, "कॉन्टॅक्टेड" ऐकलेल्यांनी ३१.८. आपल्या हिशेबात वरच्या आणि खालच्या टोकात ताशी साधारण १४-१५ किलोमीटरचा फरक, आणि तो निव्वळ एका क्रियापदाने पडलेला.

वर्गात मी ज्यावर जास्त थांबते तो तक्ता वेगळा आहे. चार फिल्मींतला खरा वेग संशोधकांना माहीत होता: २०, ३०, ४०, ४० मैल. विद्यार्थ्यांचे अंदाज होते ३७.७, ३६.२, ३९.७, ३६.१. म्हणजे वीसच्या गाडीला त्यांनी चाळीसच्या गाडीपेक्षा वेगवान म्हटलं! वेग डोळ्यांनी मोजता येतो हीच मुळात भ्रामक समजूत आहे, आणि खरी आठवण नसते तिथे क्रियापद बिऱ्हाड करतं.

दुसऱ्या प्रयोगात १५० जण होते. आठवड्यानंतर विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? फिल्ममध्ये काच नव्हतीच. "स्मॅश्ड"वाल्या ५० जणांपैकी १६ जणांनी पाहिली होती, "हिट"वाल्या ५० पैकी ७ जणांनी. यातलं कोणीही खोटं बोलत नव्हतं.

अंत्रुजमाय, शनिवार, सकाळी ८:३०

पायरीताई, तुमचं वाचून हातातला चहा तसाच राहिला. मला काचा आठवतात. स्कूटरच्या आरशाच्या, रस्त्यावर. वकिलांनी कागदपत्रांचे फोटो पाठवले होते, त्यातला पंचनामा आत्ता उघडून पाहिला. त्यात इंडिकेटरच्या नारिंगी प्लास्टिकचे तुकडे आहेत, एक चप्पल आहे, रक्ताचा डाग आहे. काच नाही.

रेमिंग्टन_रँड (मडगाव), शनिवार, सकाळी ११:०५

बाय, पंचनाम्यात नाही म्हणून नव्हतीच असं धरून चालू नका. पंचनामा किती वाजता झाला ते वर लिहिलेलं असतं, बघा. तास-दीड तासाने झाला असेल तर तोवर एखादा दुकानदार झाडू घेऊन आला असेल, गिऱ्हाइकाच्या पायात काच जाईल म्हणून. पायरीताईंचे प्रयोग बरोबर असतील, पण त्यांच्या फिल्ममध्ये झाडूवाला नव्हता.

मी कोर्टात स्टेनो होतो. तीसेक वर्षं दुसऱ्यांच्या आठवणी इंग्रजीत टाइप केल्या. कसं चालतं ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की साक्षीदार बोलतो तेच कागदावर येतं.

वकील इंग्रजीत विचारतो. न्यायाधीश, नाहीतर दुभाषी, तो प्रश्न कोंकणीत किंवा मराठीत करतो. साक्षीदार उत्तर देतो, बहुतेक वेळा प्रश्नाला सोडून: आधी त्या दिवशी कोणाचं लग्न होतं ते, मग पाऊस होता ते, मग मुद्दा. न्यायाधीश त्यातलं कामाचं उचलतात आणि मला इंग्रजीत सांगतात, प्रथमपुरुषी. "आय सॉ द अॅक्यूज्ड." साक्षीदाराने आयुष्यात "अॅक्यूज्ड" शब्द ऐकलेला नसतो, पण कागदावर तोच तो म्हणतो. लग्न जातं, पाऊस जातो, "हां... म्हणजे..." जातं. मध्ये पाच सेकंद गप्प बसला होता, तेही जातं.

एक मासळीवाली आठवते. चोरीचा खटला होता. ती म्हणाली, "हांवें पळोवंक ना, पूण तोच आसतलो." (मी पाहिलं नाही, पण तोच असणार.) आता "आसतलो" इंग्रजीत काय करणार? मराठीतही "तोच असणार" म्हणतो आपण, आणि त्यात खात्री किती हे आवाजावर ठरतं. एक न्यायाधीश "मस्ट बी" सांगतील, दुसरे "मे बी". एकाने माणूस अडकतो, दुसऱ्याने सुटतो. हे आमचे साहेब शहाणे. त्यांनी पेन खाली ठेवलं, तिलाच विचारलं, "तो आसतलो अशें तुका कित्याक दिसता?" (तुला असं का वाटतं?) ती म्हणाली, सगळे म्हणतात म्हणून. साहेबांनी तेच लिहायला सांगितलं. असे साहेबही पाहिले आणि घड्याळाकडे बघत "मस्ट बी" सांगणारेही पाहिले.

कायदा वाईट नाही. जुन्या फौजदारी संहितेत २७७ आणि २७८ कलमं होती: साक्षीदाराच्या भाषेत नोंद शक्य नसेल तर खरा अनुवाद करायचा, आणि लिहिलेलं त्याला वाचून, समजावून दाखवायचं. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, त्यातही हे आहे. पण वाचून दाखवायची वेळ येते ती जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर. भराभर वाचतात, साक्षीदार "हय, हय" म्हणतो, सही करतो.

शीत_कडी (पेडणे), शनिवार, दुपारी १२:४०

जेवणाच्या सुट्टीवरून आठवलं. इस्रायलच्या न्यायाधीशांवरचा अभ्यास वाचला नाही का कोणी? पोट भरलेलं असताना ६५ टक्के कैद्यांना पॅरोल, भूक लागली की जवळजवळ शून्य, जेवून आले की परत ६५. माय, तारीख मागून घ्या ती अडीच वाजताची. आणि साहेबांना इसवणाची (सुरमईची) कडी पाठवा.

आल्तिनोची_पायरी, शनिवार, दुपारी २:२०

हा अभ्यास व्हॉट्सअॅपवर फार चालतो. २०११ चा, डॅन्झिगर आणि सहकाऱ्यांचा, आठ न्यायाधीश आणि हजाराहून जास्त निर्णय. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात आक्षेप आला की प्रकरणांचा क्रम मुळात सरसकट नव्हताच. ज्या कैद्यांना वकील नाही त्यांची प्रकरणं सत्राच्या शेवटी येत, आणि त्यांना तसंही कमी वेळा पॅरोल मिळतो. पुढे २०१६ मध्ये ग्लॉकनर यांनी संगणकावर दाखवलं की लांब चालणारं प्रकरण न्यायाधीश सुट्टीआधी हातात घेत नसतील, तर भुकेचा काही संबंध नसतानाही तसाच आलेख येऊ शकतो. भुकेचा परिणाम शून्य असं कोणी सिद्ध केलेलं नाही. पण कडी पाठवून निकाल फिरत नाही.

त्यापेक्षा फाशाचा प्रयोग पाहा. एंग्लिश, मुसवायलर आणि स्ट्राक, २००६, जर्मनी. अनुभवी कायदेतज्ज्ञांना दुकानातल्या चोरीचं एक काल्पनिक प्रकरण दिलं आणि सरकारी वकील किती महिने मागतोय हे त्यांनाच फासे टाकून ठरवायला लावलं. फासे खोटे होते, ३ किंवा ९ च पडत. आकडा फाशाचा आहे हे डोळ्यांदेखत कळत असूनही ३ वाल्यांनी सरासरी सव्वापाच महिने दिले, ९ वाल्यांनी पावणेआठ.

गोंयकार_६१ (डिचोली), शनिवार, सायंकाळी ५:१०

परदेशी फासे राहू द्या. मूळ प्रश्न एवढाच की गोव्यात अजून इंग्रजीत का लिहितात? मराठीत साक्ष नोंदवली असती तर हा घोळ झाला असता का?

तिंट्यार_बसून (मडगाव), शनिवार, सायंकाळी ५:२५

मराठीत कशाला? बाई कोंकणीत बोलली आहे.

गोंयकार_६१, शनिवार, सायंकाळी ५:२७

आली का गाडी राजभाषेच्या स्टेशनावर...

संपादक_मंडळ, शनिवार, सायंकाळी ६:००

यापुढचे १४ प्रतिसाद उडवले आहेत. १९८७ चा राजभाषा कायदा, लिपी, कोण बाहेरचा आणि कोण भूमिपुत्र, या सगळ्यासाठी वेगळा धागा आहे आणि तो गेली सहा वर्षं चालू आहे. तिकडे जावे.

आल्तिनोची_पायरी, शनिवार, रात्री ९:१५

उडवलेल्या प्रतिसादांत एक चांगला मुद्दा वाहून गेला, तो परत मांडते. "लागली" हे क्रियापद बघा. बस लागली. ग्लास फुटला. माझ्या हातून सांडलं. आपल्या भाषांत चुकून झालेल्या गोष्टीला कर्ता लागत नाही. घडलं ते घडलं. मुद्दाम केलं तर "फोडला", "सांडवलं", "पाडलं". फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे, ही जोडी लहान मूलही बरोबर वापरतं, कारण मार खाणं न खाणं त्यावर अवलंबून असतं!

इंग्रजीत चुकून झालेल्यालाही कर्ता जोडायची सवय आहे. कॅटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की यांनी २०१० मध्ये एका हॉटेलातल्या आगीची हकीकत दोन तऱ्हांनी लोकांना वाचायला दिली. एकीत तिने मेणबत्ती पाडली, दुसरीत मेणबत्ती पडली. हकीकत तीच. "पाडली" वाचणाऱ्यांनी तिला जास्त दोष दिला आणि भरपाईही जास्त लावली. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना चित्रफिती दाखवल्या. मुद्दाम केलेल्या गोष्टींचा कर्ता दोघांना सारखाच आठवला. अपघातांत मात्र कोणाच्या हातून झालं हे इंग्रजीवाल्यांना जास्त आठवलं.

म्हणजे माय, तुमच्या "लागली"चं "डॅश्ड" होताना नुसता वेग वाढला नाही. चालकाचा हातही त्यात आला.

काळा_कोट, रविवार, सकाळी १०:३०

ताई, मुद्दा पटला, पण याची दुसरी बाजू कोणी मांडत नाही म्हणून मी मांडतो. चालकाचा हात तिथे होताच ना? बस आपोआप वळत नाही. "लागली" म्हणून आपण चालकाला सोडून देतो, "दैवात होतं" म्हणतो, आणि गवंड्याचा पोर लंगडत राहतो. आपल्या भाषेचा चांगुलपणा बस मालकाच्या फार उपयोगी पडतो.

फाशांबद्दल. १९९६ मध्ये चॅपमन आणि बॉर्नस्टाइन यांनी हेच भरपाईच्या दाव्यात तपासलं होतं: मागणी जितकी मोठी तितकी भरपाई मोठी, फार फुगवल्यावर वाढ मंदावते एवढंच. वर, जास्त मागणाऱ्याचा दावाच लोकांना जास्त खरा वाटला. हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. पण आपल्याकडे यावर तोड निघालेली आहे. सुप्रीम कोर्टाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालापासून गुणकांचा (वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ज्या आकड्याने गुणायचं त्याचा) तक्ता आहे, २०१७ च्या प्रणय सेठी निकालात घटनापीठाने तो कायम केला. वय २६ ते ३० ला गुणक १७, ३१ ते ३५ ला १६, असा उतरत पासष्टीपुढे ५. मुलगा २८ चा धरा, महिन्याला १५ हजार, काम करायची क्षमता २० टक्के गेली. वर्षाचे १,८०,००० गुणिले १७, त्याचे २० टक्के: ६,१२,०००. दाव्यात ५० लाख लिहा नाहीतर ५ लाख, या रकमेत साहेबांना मनाने घालण्यासारखं फारसं काही उरत नाही.

उरतं ते त्या २० टक्क्यांत. २०१० च्या राजकुमार निकालाने सांगितलंय की डॉक्टरच्या दाखल्यातला टक्का जसाच्या तसा घ्यायचा नाही, कमाईवर काय परिणाम झाला ते पाहायचं. गुडघा दुमडत नसेल तर कारकून खुर्चीवर बसेल, गवंडी परांचीवर कसा चढेल? सगळी मारामारी तिथे. त्यामुळे माय, "डॅश्ड"पेक्षा त्या मुलाला कोर्टात जिना चढताना साहेबांनी पाहणं जास्त मोलाचं.

बोरीची_सून (बोरी), रविवार, दुपारी ३:४५

विषय थोडा वेगळा. माझ्या दिराला एकदा ओळख परेडीत उभं केलं होतं, नुसता संख्या भरायला म्हणून. मामलेदारांसमोर सहा-सात जण सारख्या अंगलटीचे. साक्षीदार बाईने दोन फेऱ्या मारल्या, दिरासमोर थांबली (ह्याला घाम फुटला!), मग शेजारच्यावर बोट ठेवलं. बाहेर पडताना पायरीवर एक शिपाई तिला म्हणाला, "बरें केलें, बाये." एवढंच. दीर म्हणतो, आत येताना ती थरथरत होती, जाताना ताठ.

आल्तिनोची_पायरी, रविवार, सायंकाळी ६:२०

त्या "बरें केलें"वर गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांचा १९९८ चा प्रयोग आहे. चुकीच्या माणसाला ओळखलेल्यांना नुसतं "छान, संशयित ओळखलात" म्हटलं. नंतर ते सांगू लागले की आपली खात्री पहिल्यापासूनच होती, चेहरा नीट दिसला होता, लक्षही चांगलं होतं. एका वाक्याने मागची खात्रीसुद्धा वाढली. म्हणून हे संशोधक म्हणतात की संशयित कोण हे परेड घेणाऱ्यालाच माहीत नसावं, आणि खात्री किती ते साक्षीदाराला त्याच क्षणी विचारून लिहून घ्यावं. अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष ठरलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के प्रकरणांत चुकीची ओळख हे एक कारण होतं.

काळा_कोटबाब, मोडलेल्या पायाबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. "लागली" तटस्थ आहे असा माझा दावा नव्हताच. तटस्थ क्रियापद असतं तर लॉफ्टसबाईंना प्रयोगच करावा लागला नसता.

अंत्रुजमाय, बुधवार, रात्री ८:५०

जाऊन आले.

वकिलांना सांगितलं, "व्हायलंटली" काढा. कुरकुरत काढलं. वेगाचं वाक्य काढा म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मग वेग किती लिहू?" म्हटलं, लिहू नका, मला वेग कळत नाही. बस वळताना बाहेर आली होती, स्कूटर आपल्या बाजूला होती, हे मी पाहिलंय, ते लिहा. त्यावर ते एकदम खूश झाले. हे आधी का नाही सांगितलंत म्हणाले. कोणी विचारलंच नव्हतं!

"डॅश्ड"वर मात्र अर्धा तास गेला. ते म्हणाले, ठीक, "केम इन कॉन्टॅक्ट विथ" लिहितो. मला पायरीताईंचा तक्ता आठवला, कॉन्टॅक्ट तर सगळ्यात तळाला. विमा कंपनीला पेढे वाटल्यासारखं झालं असतं. शेवटी म्हटलं, मी जे बोलले ते वाक्य कोंकणीतच घाला आणि खाली इंग्रजी द्या. असं कोणी करत नाही म्हणाले, पण घातलं. टायपिस्ट पोरीने विचारलं, रोमीत (रोमन लिपीत) की नागरीत? तिच्या मशीनवर नागरीचा फॉन्ट नव्हता. रोमीत झालं. (संपादक मंडळ, माफी असावी.)

काचांबद्दल काहीच लिहिलं नाही. पंचनामा अपघातानंतर एक तास चाळीस मिनिटांनी झालाय, पाहिलं मी. कोणी विचारलंच तर सांगेन, आठवतात, पण खात्री नाही.

रेमिंग्टन_रँड, बुधवार, रात्री ९:३०

बरें केलें असं म्हणणार नाही, पायरीताई रागावतील.

एकच सांगतो, बाय. "आठवतात, पण खात्री नाही" म्हणालात की थांबा, आणि साहेब इंग्रजीत काय सांगतात ते कान देऊन ऐका. "आय डू नॉट रिमेंबर" ऐकू आलं तर हात वर करा. घाबरू नका, साहेब रागवत नाहीत. स्टेनो रागावतो, त्याला पान परत करावं लागतं.